यंत्रबदल आणि व्यवहारबदल : एका प्रचलित भेदाची चिकित्सा

व्यवस्थापनशास्त्रावरील आजच्या लेखनात एक भेद इतक्या वेळा सांगितला जातो की, त्याची तपासणी करावी असे कोणास वाटेनासे झाले आहे. एका बाजूस केवळ यंत्रसामग्रीचे नूतनीकरण : जुना संगणक काढून नवा बसविला, कागदावर भरावयाचा अर्ज पडद्यावर भरू लागले, टपालाने जाणारे पत्र ईमेलने जाऊ लागले. दुसऱ्या बाजूस ज्यास 'डिजिटल परिवर्तन' म्हणतात ते, म्हणजे व्यवसाय चालविण्याची रीतच मुळापासून बदलणे. पहिले उथळ, दुसरे सखोल. पहिले भित्र्या चालकाचे काम, दुसरे द्रष्ट्याचे. हा भेद बहुधा दोन रकान्यांच्या कोष्टकात मांडलेला असतो, आणि डावा रकाना पापाचा व उजवा पुण्याचा आहे हे वाचकास न सांगता कळते.

भेद खोटा आहे असे प्रस्तुत लेखकाचे म्हणणे नाही. तो खरा आहे. परंतु त्याचे माप चुकीच्या ठिकाणी धरले जाते. यंत्र किती नवे, त्यावर पैसा किती ओतला, किती विभागांत ते पोहोचले, यांवरून बदलाची खोली ठरविली जाते. वस्तुतः ती एका साध्या प्रश्नाने ठरते : बदल झाल्यानंतर कोणत्या कागदाला काम उरले नाही, आणि त्या कागदावर सही करणाऱ्याचा अधिकार कोणाकडे गेला? ह्या प्रश्नाचा पूर्वार्ध व्यवस्थापनशास्त्राने विचारलेला आहे. उत्तरार्ध विचारावयाचे मात्र त्याने बहुशः टाळले आहे. १९९० साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेले दोन लेख ह्या विषयाच्या मुळाशी आहेत. ते प्रथम पाहून मग आपल्या बँकांच्या खतावण्यांकडे वळणे सोयीचे होईल. बँकांची निवड अशासाठी की, ह्या बदलाचे पुष्कळसे निर्णय मुंबईत झाले, आणि त्यांचे परिणाम पासबुक बाळगणाऱ्या प्रत्येक घराने पाहिले.

पहिला लेख मायकेल हॅमर यांचा. 'हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू'च्या जुलै-ऑगस्ट १९९० च्या अंकात तो आला. यांत्रिकीकरण करू नका, उच्चाटन करा, असा त्याच्या शीर्षकाचाच आदेश होता. लेखातील सर्वांत गाजलेले उदाहरण फोर्ड मोटार कंपनीच्या देणी चुकविणाऱ्या विभागाचे आहे. उत्तर अमेरिकेत त्या विभागात पाचशेहून अधिक माणसे काम करीत. नव्या संगणकांच्या साहाय्याने ती सुमारे चारशेवर आणावी असा चालकांचा प्रथम विचार होता, आणि वीस टक्क्यांची ही बचत त्यांना चांगली वाटत होती. मग त्यांच्या नजरेस आले की, माझ्दा ह्या जपानी कंपनीत तेच काम पाच माणसे करतात. माझ्दा कंपनी लहान, हे धरूनही तफावत अवाढव्य होती.

फोर्डचा जुना व्यवहार असा : खरेदी विभाग मागणीपत्र लिही व त्याची प्रत देणी विभागास पाठवी. माल आला की गोदामातून मालपोच येई. विक्रेत्याचे बिल निराळे येई. तिन्ही कागदांतील चौदा बाबी एकमेकींशी जुळल्या की पैसे दिले जात. बहुतेक माणसांचा बहुतेक वेळ न जुळणाऱ्या बाबींचा माग काढण्यात जाई. नव्या व्यवहारात मागणी एका सामाईक नोंदसंग्रहात टिपली जाऊ लागली. माल धक्क्यावर आला की तेथील कारकून तो त्या नोंदीशी ताडून पाही. जुळला तर स्वीकारी आणि धनादेश आपोआप निघे, न जुळला तर माल परत. जुळवणीच्या बाबी चौदांवरून तीनवर आल्या. बिल नावाचा कागदच नाहीसा झाला. 'बिल आल्यावर पैसे' हा नियम जाऊन 'माल आल्यावर पैसे' हा नियम आला, आणि विभागातील माणसांची संख्या पंचाहत्तर टक्क्यांनी घटली.

हॅमर यांचे खरे श्रेय येथे आहे. बदलाची खोली त्यांनी यंत्रावरून मोजली नाही, नियमावरून मोजली. बिल अधिक वेगाने वाचणारे यंत्र घेणे आणि बिलाची गरजच संपविणे यांतील अंतर त्यांनी एका उदाहरणाने कायमचे स्पष्ट केले. तथापि त्यांच्या मांडणीतील दोन उणिवा तितक्याच ठळक आहेत. पहिली अशी की, यंत्रबदलावर थांबणारा चालक त्यांना केवळ धैर्यहीन दिसतो. तो का थांबला असेल, ह्याची चौकशी लेखात नाही. दुसरी अधिक गंभीर आहे. पंचाहत्तर टक्के माणसे कमी झाली हे ते सांगतात. त्या माणसांना जे ठाऊक होते त्याचे काय झाले, हे सांगत नाहीत. न जुळणाऱ्या कागदांचा माग काढणाऱ्या माणसाला कोणता विक्रेता चुकतो आणि कोणता लबाडी करतो हे अनुभवाने कळत असणार. नव्या व्यवहारात माल परत जातो, म्हणजे न जुळण्याचा भार विक्रेत्यावर जातो. हे कदाचित योग्यही असेल. परंतु भार नाहीसा झाला असे म्हणता येणार नाही. पुढे १९९६ मध्ये स्वतः हॅमर यांनी मान्य केले की, आपली घडण अभियंत्याची असल्याने माणसांच्या बाजूचा विचार आपण पुरेसा केला नव्हता. दरम्यान त्यांच्या पुनर्रचनेच्या नावाखाली असंख्य कंपन्यांत नोकरकपात होऊन गेली होती.

दुसरा लेख अर्थेतिहासकार पॉल डेव्हिड यांचा, त्याच वर्षीच्या मे महिन्यात 'अमेरिकन इकॉनॉमिक रिव्ह्यू'मध्ये आलेला. रॉबर्ट सोलो यांनी १९८७ मध्ये असा शेरा मारला होता की, संगणकयुग सर्वत्र दिसते, फक्त उत्पादकतेच्या आकड्यांत दिसत नाही. ह्या कोड्याचे उत्तर डेव्हिड यांनी विजेच्या इतिहासात शोधले. एडिसनचे न्यूयॉर्कमधील पर्ल स्ट्रीट वीजकेंद्र १८८२ मध्ये सुरू झाले. परंतु १९०० च्या सुमारास अमेरिकन कारखान्यांतील यांत्रिक शक्तीचा पाच टक्केही भाग विजेच्या मोटारींकडून येत नव्हता, आणि निम्म्याचा टप्पा गाठावयास आणखी सुमारे दोन दशके लागली. कारण असे की, वाफेच्या काळातील कारखाना एका लांब दांड्याभोवती बांधलेला असे. एंजिन तो दांडा फिरवी, दांड्यावरून पट्टे उतरत, पट्ट्यांवर यंत्रे चालत. जास्त शक्ती लागणारे यंत्र एंजिनाजवळ, कमी लागणारे दूर. मालाचा प्रवास कसा व्हावा हे दांडा ठरवी. वीज आली तेव्हा मालकांनी एंजिनाच्या जागी मोटार बसविली आणि दांडा तसाच ठेवला. हाच शुद्ध यंत्रबदल होय. प्रत्येक यंत्रास स्वतःची मोटार देऊन दांडा काढून टाकल्यावर इमारत एकमजली होऊ शकली, यंत्रे मालाच्या क्रमाने मांडता आली, एक विभाग बंद ठेवून दुसरा चालविता आला. विजेचा खरा लाभ तेव्हा पदरात पडला.

खोपोलीच्या टाटा जलविद्युत् केंद्रातून १९१५ पासून मुंबईच्या गिरण्यांना वीज मिळू लागली, त्या शहराच्या वाचकास हे चित्र अपरिचित वाटू नये.

डेव्हिड यांची मांडणी हॅमर यांच्याहून प्रौढ आहे. कारण जुन्या दांड्याला चिकटून राहणारा मालक त्यांना मूर्ख वाटत नाही. त्याची इमारत उभी होती, दांडा फिरत होता, नफा मिळत होता. तो मोडण्यात शहाणपण नव्हते. शिवाय एकमजली कारखाना कसा बांधावा हे जाणणारे वास्तुशिल्पी व अभियंते अद्याप तयार व्हावयाचे होते. मात्र ह्या मांडणीतही एक गृहीत आहे. दांडा निर्जीव असतो. तो काढला म्हणजे कोणाचा अधिकार जातो असे नाही. कचेरीतील दांडा हा नोंदीचा असतो, आणि नोंद ही कोणाची तरी असते.

आता बँकेकडे वळू. १९८० पूर्वीच्या शाखेत धनादेश वटविण्याचा क्रम ज्यांनी पाहिला असेल त्यांना पितळी टोकन आठवेल. धनादेश खिडकीत द्यावयाचा, टोकन घ्यावयाचे आणि बाकावर बसावयाचे. आत तो धनादेश खतावणीच्या कारकुनाकडे जाई. तो जाड लेजर उघडून नावे टाकी आणि शिल्लक काढी. मग अधिकारी नमुना सहीच्या पत्राशी सही ताडून 'पास' करी. त्यानंतर तो रोखपालाकडे पोहोचे, आणि टोकनाचा क्रमांक पुकारला जाई. संध्याकाळी दिवसाची जुळवणी. ती जुळेपर्यंत घरी जावयाचे नाही, हा शाखेचा अलिखित कायदा होता. एका पैशाच्या फरकासाठी रात्री नऊपर्यंत बसलेल्या कारकुनांच्या कथा निवृत्तांच्या मेळाव्यांत अजूनही सांगितल्या जातात. त्यांत तक्रारीपेक्षा अभिमान अधिक असतो.

ह्या शाखेत यंत्र आले ते वाटाघाटी करून. १९८३ मध्ये बँकांचा संघ व कर्मचारी संघटना यांच्यात यंत्रांच्या वापराविषयी करार झाला. रिझर्व्ह बँकेचे तत्कालीन डेप्युटी गव्हर्नर चक्रवर्ती रंगराजन यांच्या समितीने १९८४ मध्ये यांत्रिकीकरणाचा, आणि त्यांच्याच दुसऱ्या समितीने १९८९ मध्ये संगणकीकरणाचा आराखडा दिला. पहिल्या टप्प्यात आलेल्या यंत्राचे नाव 'अ‍ॅडव्हान्स्ड लेजर पोस्टिंग मशीन' असे होते. नावातच लेजर होते आणि पोस्टिंगही होते. कारकून तोच, क्रम तोच, टोकन तेच. शिल्लक मात्र यंत्र काढी आणि छापी. डेव्हिड यांच्या भाषेत, दांडा तसाच ठेवून एंजिन बदलले होते.

हॅमर यांच्या अनुयायाने ह्यावर भित्रेपणाचा शिक्का मारून पुढे जावे हे सोपे आहे. तसे केल्यास ह्या टप्प्याचे खरे कार्य दृष्टीआड होते. १९६९ व १९८० च्या राष्ट्रीयीकरणानंतर शाखांचा विस्तार प्रचंड झाला होता, आणि खतावण्यांची जुळवणी मागे पडत चालली होती. लेजर छापणाऱ्या यंत्राने ही थकबाकी आटोक्यात आणावयास मदत केली. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, यंत्राने काढलेल्या शिलकेवर विश्वास ठेवावयाची सवय कारकुनांना आणि खातेदारांनाही त्याने लावली. आरंभीच्या काळात यंत्राच्या शिलकेची पडताळणी हाताने बेरीज करून घेणारे अधिकारी होते, ह्यात हसण्यासारखे काही नाही. विश्वास हा यंत्राबरोबर खोक्यातून येत नसतो. प्रस्तुत लेखकास असे वाटते की, यंत्रबदलाचा टप्पा हा बहुधा परिवर्तनाच्या मार्गातील अडथळा नसून, ज्या लोकांना ते परिवर्तन भोगावयाचे आहे त्यांच्याशी झालेला तह असतो. तहाला भ्याडपणा म्हणणाऱ्याने त्याच्याविना झालेल्या लढायांचा हिशेब द्यावा.

पुढील पायरी चालू शतकाच्या पहिल्या दशकात सार्वजनिक क्षेत्रातील बँकांनी चढली. तिला 'कोअर बँकिंग' म्हणतात. वरवर पाहता काही बदलले नाही : तोच पडदा, तोच कारकून. परंतु खतावणी शाखेतून उठून दूरच्या एका केंद्रात गेली. पूर्वी खाते शाखेचे असे. आता ते बँकेचे झाले. हा बदल किती खोल होता हे जाणण्यासाठी डिमांड ड्राफ्टकडे पाहावे. पुण्याच्या शाखेने नागपूरच्या शाखेवर ड्राफ्ट दिला म्हणजे पुण्याच्या वहीत एक नोंद होई आणि नागपूरच्या वहीत दुसरी. दोहोंमध्ये टपालाने सूचनापत्र जाई. ती नोंद आणि ते पत्र जुळेपर्यंत रक्कम 'आंतरशाखा खात्यात' लटकलेली राही. अशा न जुळलेल्या नोंदींचे डोंगर बँकांत साचले होते, आणि लबाडीला त्यांच्या आडोशाने वाव मिळे. ते निपटण्यासाठी जुळवणीची स्वतंत्र खाती होती, जशी फोर्डमध्ये पाचशे माणसे होती. दोन शाखांची वही एकच झाल्यावर बँकेच्या अंतर्गत व्यवहारात सूचनापत्राला अर्थ उरला नाही; आणि २००४ मध्ये आरटीजीएस व २००५ मध्ये एनईएफटी सुरू झाल्यावर निरनिराळ्या बँकांमधील ड्राफ्टचेही प्रयोजन झपाट्याने आटले. फोर्डच्या बिलाची आणि आपल्या ड्राफ्टची गोष्ट एकच आहे. दोन्ही कागद व्यवहाराच्या गरजेतून जन्मले नव्हते. दोन ठिकाणी दोन वह्या ठेवाव्या लागत, त्या अंतरातून ते जन्मले होते.

१९९४ नंतर परवाना मिळून निघालेल्या नव्या खाजगी बँकांना हे सुलभ गेले. त्यांचा कारखाना मोकळ्या जमिनीवर बांधलेला होता. त्यांच्याकडे काढावयास दांडाच नव्हता. ह्या बँकांच्या तुलनेत सरकारी बँकांना आळशी ठरविणारे लेखन विपुल आहे. त्यात हजारो शाखांच्या वह्यांतील लक्षावधी नावे, सह्या व व्याजाचे हिशेब चालू व्यवहार न थांबविता केंद्रात नेण्याच्या कामाची दखल क्वचितच आढळते. हे काम शाखेतल्या माणसांनी सुट्टीच्या दिवशी व रात्री बसून केले. आणि ते करू शकले ह्याचे एक कारण, यंत्राशी त्यांची ओळख आधीच्या, तथाकथित उथळ टप्प्यात झाली होती.

येथवर प्रश्नाचा पूर्वार्ध झाला. उत्तरार्धासाठी एक लहानसा प्रसंग सांगतो. गेल्या वर्षी एका बँकेच्या शाखेत गेलो असता खात्यावरील नावात वडिलांचे नाव एका अक्षराने चुकले असल्याचे आढळले. पॅनकार्डावर ते बरोबर, जुन्या पासबुकात बरोबर. वह्या केंद्रात नेताना कोठे तरी चूक शिरली असावी. समोरचे अधिकारी वीस वर्षांच्या ओळखीचे. त्यांनी दोन्ही कागद पाहिले आणि म्हणाले, "सर, चूक आमचीच आहे, दिसतेच आहे. पण सिस्टीम घेत नाही." अर्ज केंद्रीय कचेरीकडे गेला, शेरा न लिहिता परत आला, पुन्हा गेला. जुन्या शाखेत त्याच अधिकाऱ्याने लाल शाईने ते अक्षर काटून बाजूस सही केली असती. ती सही म्हणजे अधिकार होता, आणि जबाबदारीही होती. दुरुस्ती चुकीची ठरली तर कोणास विचारावयाचे हे पानावरच लिहिलेले असे.

'सिस्टीम घेत नाही' हे वाक्य आज मराठी व्यवहारात इतके रुळले आहे की त्याचा कर्ता कोण हे आपण विचारीत नाही. नियम कोणी तरी केला आहे. तो आज्ञावलीत कोणी तरी लिहिला आहे. परंतु खिडकीवरील माणूस तो बदलू शकत नाही आणि समजावूनही सांगू शकत नाही. व्यवहारबदल जितका खोल, तितका निर्णय खिडकीपासून दूर जातो. फोर्डच्या धक्क्यावरील कारकुनास नव्या व्यवहाराने अधिकार दिला : त्याने माल स्वीकारला की पैसे निघत. आपल्या शाखेतील अधिकाऱ्याचा अधिकार त्याच प्रकारच्या बदलाने काढून घेतला. एकच तंत्र दोन विरुद्ध दिशांनी वापरता येते. आणि कोणती दिशा निवडली गेली, हे दोन रकान्यांचे कोष्टक कधीच सांगत नाही.

शोशाना झुबॉफ यांनी ही गोष्ट हॅमर यांच्याही आधी, १९८८ मधील आपल्या ग्रंथात ओळखली होती. लगदा व कागद यांच्या गिरण्यांत हाताच्या स्पर्शाने आणि वासाने लगद्याची पारख करणारे कामगार नियंत्रणकक्षात पडद्यापुढे बसविले गेले, तेव्हा त्यांच्या ज्ञानाचे काय झाले, हा त्यांचा प्रश्न होता. यंत्र माणसाचे काम स्वतःकडे घेते, आणि त्याच वेळी त्या कामाची माहितीही निर्माण करते. ती माहिती कामगारास वाचावयास द्यावयाची की केवळ वरिष्ठांस, हा निर्णय यंत्राचा नसून सत्तेचा असतो, असे त्यांच्या प्रतिपादनाचे सार आहे. परिवर्तनाच्या आजच्या साहित्यात ह्या ग्रंथाचा उल्लेख आदराने होतो, आणि मग त्याचे म्हणणे बाजूस ठेवले जाते.

हे विवेचन जुन्या शाखेच्या आठवणींनी हळवे होऊन केलेले नाही. लाल शाईचा अधिकार हा ओळखीच्या माणसालाच लाभत असे. खाते उघडण्यासाठी जुन्या खातेदाराची शिफारस लागे. ज्याला ती मिळत नसे त्याला शाखेचे दार बंदच होते. अधिकाऱ्याच्या विवेकाबरोबर त्याचे पूर्वग्रहही वहीत उतरत. केंद्रातील आज्ञावली निदान कोणाची जात वा कपडे पाहत नाही. २०१६ पासून यूपीआयने भाजीवाल्याला जी सोय दिली, ती देण्याचा विचार कोणत्याही शाखेच्या व्यवस्थापकाने कधी केला नसता. परंतु एक अन्याय गेला म्हणून दुसऱ्याकडे पाहू नये असे नाही. पूर्वी अपमान करणारा माणूस समोर असे. आता नकार देणारा कोणीच समोर नसतो.

आणि जे गेले असे आपण मानतो तेही पुरते गेलेले नसते. पैसे पाठविताना लागणारा आयएफएससी क्रमांक पाहावा. त्याच्या अकरा अक्षरांपैकी पहिली चार बँकेची, पाचवे शून्य, आणि उरलेली सहा शाखेची. खाते बँकेचे झाले तरी त्याचा पत्ता अद्याप शाखेचाच आहे. २०१९ व २०२० मध्ये सरकारी बँकांची विलीनीकरणे झाली तेव्हा ह्या क्रमांकापायी असंख्य खातेदारांना नवे क्रमांक आणि नवी धनादेश-पुस्तके घ्यावी लागली. दांडा काढून टाकलेल्या कारखान्याच्या छताला पट्ट्यांचे आकडे तसेच लोंबत राहावेत, तसा हा प्रकार आहे. केवायसीची कथा ह्याहून विचित्र आहे. आधारक्रमांक यंत्राने क्षणात पडताळला जातो. तरीही त्याच कार्डाची छायाप्रत, त्यावर खातेदाराची सही, आणि ती प्रत शाखेच्या फडताळात, असा क्रम पुष्कळ ठिकाणी चालू आहे. ह्या कागदाला व्यवहारात काम उरलेले नाही, तरी तो टिकून आहे. कारण उद्या चौकशी झाली तर दाखवावयास काही तरी हाती असावे अशी खिडकीवरील माणसाची इच्छा आहे. दुरुस्तीची सही त्याच्याकडून काढून घेतली गेली; जाब मात्र अजून त्यालाच विचारला जातो.